पक्षिणीची कविता कुणाची?

सांगली

चि. सोनूस अनेक आशीर्वाद,

ज्यांना रानात देव भेटला अशा अमेरिकी लेखकांवर तू निबंध लिहिते आहेस, हे वाचून फार आनंद झाला. आजी म्हणायची ती जखमी पक्षिणीची कविता ख्रिस्ती कवीची कशी, असं तू विचारलंस. कविता ‘केवढे हे क्रौर्य’, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक.

तुझ्या निबंधातल्या जॉन म्यूरला वडिलांच्या धाकानं लहानपणीच बायबल पाठ करावं लागलं. सिएराचे डोंगर पुढे भेटले. टिळकांचं उलट. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी ब्राह्मण घरात जन्म. कोकणातली झाडंझुडपं आणि संतवाणी आधी, बायबल मागाहून. बाप्तिस्मा 1895 साली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. झाडापाखरांत गणगोत पाहणारे तुकोबा!

निसर्गाच्या हानीचं मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहे, असं इतिहासकार लिन व्हाइट यांनी 1967 साली ‘सायन्स’मध्ये मांडलं. सगळी सृष्टी माणसासाठीच, ही ती समजूत. आता आजीची कविता आठव. पिलांसाठी चोचीत घास घेऊन घरट्याकडे धडपडणारी ती पक्षीण माणसाला कृतघ्न म्हणते. सकाळी गाऊन ज्यांना रिझवलं, तेच जीव घेतील हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. म्हणजे ऋण माणसावर आहे, पाखराचं. इतक्या थोड्या ओळींत व्हाइट यांना दिलेलं याहून चोख उत्तर मला माहीत नाही, आणि ते त्यांच्या लेखाच्या कितीतरी आधीचं आहे.

टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम करत. बालकवी तिथं त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. 1917 साली मिशनचा पगार सोडून टिळक साताऱ्याला आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही तिथं जागा होती. धर्म अमेरिकेतून आला, तरी त्याची भक्ती इथल्याच मातीतली हवी, हा त्यांचा हट्ट होता, आणि तो मला पूर्ण पटतो. मे 1919 मध्ये ते मुंबईत वारले. दरबाराला पुरती दोन वर्षंही त्यांचा सहवास लाभला नाही.

तेव्हा निबंधात म्यूर आणि ॲनी डिलार्ड यांच्या शेजारी टिळकांना बसव. कवितेचं इंग्रजी तूच कर, आणि त्याआधी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून काढ.

तुझी,
आत्या