एकोणपन्नास पायऱ्या

एचपी-२५ वर प्रोग्राम लिहिणारा माणूस आधी यंत्राला हात लावत नसे. आधी कागद, पेन्सिल आणि भरपूर खोडरबर. १९७५ साली १९५ डॉलरला निघालेल्या या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रामसाठी जेमतेम ४९ पायऱ्या होत्या आणि आकडे ठेवायला आठ खण. पन्नासावी पायरी लागतेय असं दिसलं की सूत्रच पुन्हा मांडायला घ्यायचं. सामाईक अवयव बाहेर काढून एखादा गुणाकार वाचतोय का? मधलं उत्तर खणात न ठेवता स्टॅकवरच, म्हणजे चालू आकड्यांच्या चळतीवरच, तरंगत ठेवता येईल का?

त्याला 'बरोबर'चं बटणच नव्हतं. ३, एंटर, ४ आणि मग अधिक. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांच्या चिन्हपद्धतीची ही उलटी आवृत्ती पुष्कळांना तऱ्हेवाईक वाटे. मराठी माणसाला वाटायचं कारण नाही. 'तीन आणि चारांची बेरीज कर' म्हणताना आपलंही क्रियापद शेवटीच येतं.

प्रोग्राम भरताना लाल आकड्यांच्या पडद्यावर बटणाचं नाव येत नसे, त्याचा पत्ता येई: आधी वरून कितवी ओळ, मग त्या ओळीतलं कितवं बटण. एंटर तिसऱ्या ओळीत पहिलं, म्हणून ३१. गुणाकार सहाव्या ओळीत पहिला, म्हणून ६१. ३१, ६१ : दोन पायऱ्यांत वर्ग तयार! अंकांना तेवढी सूट होती, ७ म्हणजे ०७. सरावलेल्याला '२३ ५१ ०१' दिसलं की १ क्रमांकाच्या खणात भर पडतेय हे लगेच कळे. तीन बटणं दाबूनही पायरी एकच खर्ची पडे, आणि ४९ च्या संसारात ही चैनच.

एचपीच्या प्रोग्रामांच्या पुस्तकात चंद्रावर यान उतरवायचा खेळही होता. पडद्यावर उमटे -५०.०५००. दशांशचिन्हाच्या डावीकडे वेग, उजवीकडे उंची. म्हणजे यान पाचशे फुटांवर आहे आणि सेकंदाला पन्नास फुटांनी खाली येतंय. एवढ्या एका आकड्यावर खेळणाऱ्याला चंद्र दिसायचा.

आणि मधली एक पायरी लिहायची राहिली तर? मध्ये पायरी घुसवायची सोयच नव्हती. पुढच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा दाबायच्या, 'अमुक ओळीवर जा' मधले क्रमांक बदलायचे. शिवाय यंत्र बंद केलं की सगळं पुसलं जाई. याच्या आठवणीने गहिवरणं म्हणजे ढोंग. १९७६ मध्ये आलेला एचपी-२५सी बंद केल्यावरही प्रोग्राम जपून ठेवू लागला, हे फार बरं झालं. हुरहूर लागते ती दुसऱ्याच गोष्टीची: यंत्रात जे काही आहे ते पहिल्या बटणापासून शेवटच्यापर्यंत आपल्याला तोंडपाठ असे.

ज्याला चव घेऊन बघायची असेल त्याने एचपी-१२सी शोधावा. १९८१ चा हा वित्तीय कॅल्क्युलेटर आजही नवा विकत मिळतो आणि प्रोग्रामही घेतो. बटणांची मांडणी तेवढी निराळी आहे. त्यावर वर्ग होतो ३६, २० ने.