गेलेल्या मातीचं माप

कॉलेजात मातीची धूप म्हणजे एक समीकरण होतं. पाऊस, मातीचा प्रकार, उतार, पीक आणि बांधबंदिस्ती यांचे आकडे गुणायचे की हेक्टरी टन हातात. ते समीकरण पातळ थर आणि बारीक ओघळींपुरतंच आहे, त्यात घळ धरलेलीच नाही, हे मला बुलढाण्यात घाटावर, येळगाव धरणाच्या वरच्या अंगाला एका वावरात उभं राहिल्यावर उमगलं. समोर माझ्या छातीपर्यंत येईल एवढी खोल घळ. हिचं काय करायचं?

हा पाणलोट पैनगंगेचा. नदी इथंच, बुधनेश्वराजवळ अजिंठ्याच्या रांगेत उगम पावते. डोंगराच्या या अंगाचं पाणी वर्धा-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं. पलीकडचं घाट उतरून नळगंगा, पूर्णा, तापी करत अरबी समुद्राला. मातीही दोन्हीकडे वाहते. इथली माती तळ्यात, धरणात बसते. वावरात परत येत नाही.

आमच्या मोजणी गटाच्या सरांनी घळीच्या दोन्ही काठांवर लोखंडी गज ठोकायला लावले. त्यांच्यात दोरी समपातळीत ताणायची, दर अर्ध्या मीटरवर दोरीपासून तळापर्यंत खोली मोजायची, तो छेद कागदावर काढायचा आणि असे छेद घळीच्या लांबीभर घ्यायचे. ऐकायला सोपं. पण काठ आतून पोखरलेले होते. खालचा ठिसूळ थर पाण्यानं खाल्लेला आणि सोयाबीनच्या मुळांनी धरलेली वरची माती पडवीच्या छपरासारखी पुढं आलेली. पट्टी त्या छपरावरच टेकायची. खालची पोकळी मोजायला घळीत उतरून पट्टी आडवी घालावी लागली, आणि डोक्यावरचा काठ कधी ढासळेल याची धास्ती वेगळीच.

मग वजन. ठरावीक मापाची कडी मातीत ठोकायची, आतली माती 105 अंशांवर पूर्ण वाळवून तोलायची. काळी माती ओली असली की फुगते, वाळली की भेगाळते. मग घनफळ तरी कोणत्या दिवसाचं खरं? म्हणून दर वर्षी एकाच हंगामात मोजायचं.

साठ मीटर लांबी, सरासरी 2.6 चौरस मीटर छेद: 156 घनमीटर. घनमीटरला 1.3 टन धरले तर दोनशे टनांवर. वावराच्या मालकीणबाईंच्या नातवानं मोबाईलवर लगेच हिशेब केला, "पंचावन्न ब्रास, ताई." ट्रॉलीनं मुरूम वाहणाऱ्याला तो आकडा टनांपेक्षा लवकर भिडला.

पण ही माती किती वर्षांत गेली? देशाची सरासरी म्हणून हेक्टरी वर्षाला सुमारे सोळा टन असा आकडा सांगतात. त्याच्या शेजारी माझा आकडा ठेवायला वर्षं तर हवीत. ती कुठल्याच नकाशावर नव्हती. आजींनाच विचारलं.

"माह्या लग्नात इथून बैलगाडी सरळ जाये, पोरी. बाह्यात्तरच्या दुष्काळात धुऱ्यावर कामं निघाली, तवा नाली नव्हती. थोरला शाळंत जाऊ लागला, तवा धुरा फुटला."

म्हणजे साधारण चाळीस-पंचेचाळीस वर्षं. वर्षाला साडेचार-पाच टन. हा भागाकार मला पटत नाही. घळ दर वर्षी सारखी वाढत नाही. चार पावसाळे नुसता गवताचा काठ दिसतो आणि एका ढगफुटीसारख्या रात्री तिचं तोंड वावरात कित्येक हात मागं सरकतं. पंचनाम्यात मात्र जमीन खरडून गेल्याचं क्षेत्र येतं, खोली कुठं येते? म्हणून आम्ही गज तिथंच ठेवलेत, प्रत्येकाला नंबर दिलाय आणि तोंडाच्या वरच्या बाजूला आणखी काही ठोकलेत. पावसाळा संपला की त्याच गजांवरून पुन्हा दोरी ताणायची.

आजींनी निघताना विचारलं, "मोजून झालं, आता बुजवसान कवा?" तोंडापाशी अनगड दगडी बांध घातला तर आमची मोजणी बिघडेल, असं गटात एकाचं म्हणणं आहे. माझं म्हणणं, या जूनच्या आत बांध घालावा. मोजायला जिल्ह्यात घळी पुष्कळ आहेत. हे वावर एकच आहे आणि त्यावर एक घर जगतं.