डॉक्टरांची फियाट

कागलच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत एक फियाट एकोणीस वर्षे उभी होती. १९६६ सालची ‘११०० डिलाइट’. चारही टायर बसलेले, खालचा पत्रा सडलेला, मागच्या बैठकीत उंदरांचा संसार. ती आमच्या आजोबांची. आजोबा डॉक्टर होते आणि घरातली माणसेसुद्धा त्यांना ‘डॉक्टर’च म्हणत. मुरगूड, सिद्धनेर्ली, सेनापती कापशी अशा गावांतून रात्रीबेरात्री निरोप येई आणि गाडी निघे. अडलेली बाई, तिची आई आणि सुईण मागे. डॉक्टर, कंपाउंडर आणि बाईचा नवरा पुढे. पुढे तीन माणसे बसत, कारण या गाडीचा गिअर जमिनीवर नव्हता, स्टेअरिंगच्या दांड्यावर होता, आणि पुढची बैठक बाकासारखी सलग होती. कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय गाठेपर्यंत त्या बाकावर कोणी फारसे बोलत नसे, असे अण्णा, म्हणजे आमचे वडील, सांगतात. डॉक्टरांच्या उतारवयात गाडी अण्णाच चालवत. आम्हीही गाडी शिकलो ती हिच्यावरच.

ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असे ठरवले तेव्हा आमच्या मनात फक्त हौस होती. प्रश्न नंतर आला, आणि तो आम्हाला वाटला होता त्यापेक्षा अवघड निघाला. गाडी जशी होती तशी करायची, की जुन्या अंगात नवे यंत्र घालून रोजच्या वापराची करायची?

सरकारने या प्रश्नाचे उत्तर एका परीने देऊन ठेवले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१मध्ये झालेल्या दुरुस्तीने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी त्यासाठी पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि नंबराच्या पाटीवर ‘व्हीए’ ही मानाची अक्षरे. मात्र अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक संशोधनासाठी, आणि इंधन भरायला किंवा दुरुस्तीला एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. नित्य वापर नाही. उलट इंजिन बदलायचे तर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे परवानगी घेऊन तशी नोंद करून घ्यायची, ठरावीक मुदतीने तपासणी करून नोंदणी वाढवत राहायची आणि ‘व्हिंटेज’ या बिरुदावर पाणी सोडायचे. थोडक्यात, गाडी अस्सल राहिली तर चालवायची नाही, आणि चालवायची तर ती अस्सल राहत नाही.

आमचा ओढा उघडच अस्सलपणाकडे होता. कोल्हापूरकराला अशा गाडीचे दर्शन दरवर्षी घडते. दसऱ्याच्या शाही सोहळ्यात छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा गर्दीच्या नजरा तिच्यावरून हलत नाहीत. फ्रीड्रिशहाफेनच्या ज्या कारखान्याने झेपेलिन वायुनौकांची इंजिने बनवली, त्याच कारखान्याच्या नावाची ही गाडी. तिच्यात कोणी दुसरे इंजिन बसवले असे ऐकले तर आम्हालाही ते देवाच्या मूर्तीचे डोके बदलल्यासारखे वाटेल. मग डॉक्टरांच्या फियाटीला वेगळा न्याय का?

या निश्चयाला पहिला तडा शिवाजी उद्यमनगरात गेला. कोल्हापूरच्या या भागात लेथ आणि ओतशाळा यांची परंपरा जुनी आहे. इथल्या कारागिराने एखादी वस्तू उघडून पाहिली की ती त्याला बनवता येते, अशी ख्याती. आमच्या मेस्त्रींनी इंजिन उतरवून हेड काढले आणि आम्हाला जवळ बोलावले. चारही सिलिंडरांत स्लीव्ह होत्या, आणि त्या कारखान्याच्या नव्हत्या. त्या इथेच ओतलेल्या, इथेच लेथवर धरलेल्या. दट्टे वेगळ्या मापाचे. पाण्याच्या पंपाचे घर गावठी बिडाचे. कार्बुरेटर कुठल्या तरी नंतरच्या पद्मिनीचा. क्रँकही दोनदा घासलेला. आम्ही ज्या इंजिनाला ‘मूळ’ म्हणून मनोभावे जपणार होतो त्याचा बराचसा भाग मधल्या काळात नकळत कोल्हापुरी झाला होता. अण्णांना विचारले तर म्हणाले, “मग? गाडी बंद पडली की जे मिळेल ते घालायचं. पेशंट थांबतोय होय?”

“ब्लॉक दमलाय, मालक,” मेस्त्री म्हणाले. “अजून एक डाव बोअर केला तर पाणी आत येईल. पुन्हा स्लीव्ह टाकून चालंल, पण किती दिस, ते मला इचारू नका.”

पर्याय त्यांनीच सुचवला. प्रीमियर कंपनीने १९८५मध्ये ‘११८ एनई’ नावाची गाडी काढली होती. अंग फियाट १२४चे आणि आत निस्सानचे ए-१२ इंजिन, ११७१ सीसीचे. आमच्या फियाटीचे १०८९ सीसीचे. मागच्या चाकांना ओढ देणारी तीच रचना, त्यामुळे हे इंजिन गिअरबॉक्ससकट फियाटीत बसवण्याचा प्रघात जुन्या मेस्त्रींत बराच रुळलेला आहे. इंजिनाचे पाय नव्याने बनवायचे, प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवायची. एकच अडचण. गिअरचा दांडा खालून वर येणार, म्हणजे पुढच्या पत्र्याला भोक पाडायचे आणि सलग बाक काढून दोन सुट्या खुर्च्या बसवायच्या.

त्या भोकापाशी आम्ही चार महिने अडलो.

या काळात आम्ही स्वतःची समजूत घालायला इतिहास धुंडाळला. जुन्या अंगात नवे यंत्र घालण्यात आपल्याकडच्या कारखान्यांनाच कधी संकोच वाटला नाही, असे दिसले. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली अँबॅसडर १९५०च्या दशकातले अंग घेऊन २०१४पर्यंत निघत राहिली. १९९०च्या दशकात तिच्यात इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन आले. काँटेसाचेही तेच झाले. याच्या उलट उदाहरण मद्रासच्या ‘स्टँडर्ड २०००’चे. १९८५मध्ये तिला रोव्हरचे त्या मानाने आधुनिक अंग मिळाले आणि आत इंजिन जुन्या व्हँगार्डचे. ती काही वर्षांतच बंद पडली. अंग जुने आणि यंत्र नवे हे लोकांनी चालवून घेतले. अंग नवे आणि यंत्र जुने हे मात्र पचले नाही. आणखी एक गंमत हाती लागली. निस्सानच्या या इंजिनांचा वंश सुरू झाला तो १९६६मध्ये, डॅटसन सनीपासून. ज्याला आम्ही ‘नवे’ म्हणून नाके मुरडत होतो ते कूळ आमच्या गाडीच्याच वयाचे होते.

काही बदलांबद्दल मात्र वाद नव्हता. फियाटीचे चारही ब्रेक ड्रमचे. कागलवरून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग आता सहा पदरी होतो आहे. पुढचा ट्रक ज्या अंतरात थांबतो त्या अंतरात ही गाडी थांबत नाही. म्हणून पुढे डिस्क ब्रेक. डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, म्हणजे रात्री गाडी हळू झाली की दिवे मंद होत नाहीत. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. इंधनाच्या नळ्या तर बदलाव्याच लागल्या. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. ते जुने रबर खाते आणि पाणी ओढून घेऊन टाकी गंजवते. कागलच्या शिवारात नजर जाईल तिथे ऊस. ज्या रस्त्यांवरून डॉक्टरांची गाडी धावली त्या रस्त्यांच्या कडेचाच ऊस आता टाकीतून तिच्यात उतरणार आणि तिच्या जुन्या नळ्या कुजवणार. याला काय म्हणावे, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

अखेर एका रविवारी आम्ही सगळा हिशेब अण्णांपुढे मांडला. मूळ इंजिन पुन्हा बांधले तर काय, निस्सान बसवले तर काय, ‘व्हीए’ पाटी, खर्च, भोक. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “डॉक्टरांनी ही गाडी जपायला घेतली नव्हती. पोचायला घेतली होती. तुम्ही तिचं देवघर करायला निघालाय.” मग थोड्या वेळाने, “बाक मात्र टाकून देऊ नका.”

मेबॅकला आपण लावलेला न्याय फियाटीला का लागू नाही, ते आम्हाला तेव्हा उमगले. मेबॅकचे काम वर्षातून एक दिवस दिसणे हे आहे, आणि ते ती दिमाखात करते. तिच्या मागे जपणारी माणसे आहेत, निमित्त आहे, परंपरा आहे. डॉक्टरांच्या गाडीचे काम कधीच दिसण्याचे नव्हते. ती रात्री निघे आणि कोणी पाहू नये अशा अवस्थेतली माणसे घेऊन जाई. तिला रॅलीत चमकवत उभी करून आम्ही नेमके काय जपणार होतो? पत्रा जपला असता. वळण हरवले असते.

तरीही पत्र्याला भोक पाडताना आम्ही तिथे थांबलो नाही, हे कबूल केले पाहिजे. चहाचे निमित्त काढून बाहेर आलो आणि यंत्राचा आवाज थांबल्यावरच आत गेलो. जुने इंजिन ग्रीस लावून, ताडपत्रीत गुंडाळून पडवीत ठेवले आहे. बाकही तिथेच आहे. दुपारी अण्णा त्यावर वर्तमानपत्र वाचत बसतात.

गाडी आता चालते. एका हाकेला सुरू होते, हँडल मारावे लागत नाही. परंतु तिचा तो टॅपेटांचा टकटक आवाज, जो कोपऱ्यावरून ऐकू आला की आजी चुलीवर चहाचे आधण ठेवी, तो गेला. तो कुठल्याही मेस्त्रीला परत आणता येणार नाही. बदल करणे योग्य होते असे आम्हाला वाटते; त्यात काही गमावले नाही असे मात्र म्हणवत नाही.

पहिल्यांदा गाडी बाहेर काढली ती मुरगूडच्या रस्त्याला. अण्णा शेजारच्या खुर्चीत होते. गावाबाहेरच्या पहिल्या वळणावर वेग कमी केला आणि आमचा डावा हात आपोआप वर, स्टेअरिंगच्या दांड्याकडे गेला. तिथे काहीच नव्हते. अण्णांनी ते पाहिले. “खाली आहे,” ते म्हणाले, आणि पुन्हा बाहेर उसाकडे पाहू लागले.