शेजार निवडताना

नंदुरबारात दिवाळीनंतर घर पाहत हिंडायचं म्हणजे आधी मिरचीची ओळख होते आणि मग घरमालकाची. गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर पथाऱ्या पडलेल्या असतात. ओली लाल मिरची उन्हात अंथरलेली, नजर जाईल तिथवर, आणि ऊन चढू लागलं की त्या लालीतून एक तिखट, किंचित गोडसर ऊब उठून वाऱ्याबरोबर वस्तीत शिरते. देठ खुडायला बसलेल्या बायकांनी तोंडाला पदर घट्ट गुंडाळलेला असतो, फक्त डोळे दिसतात, आणि ते डोळे कोरडे असतात; पाणी येतं ते नवख्याच्या डोळ्यांत. मी ज्यांच्याकडे पहिली खोली पाहायला गेलो त्या गृहस्थांनी मला शिंकताना पाहून खिडकी लावली नाही. म्हणाले, "चार दिवस व्हईन, मंग काही वाटाव नही." घरातल्या घरात बोलावं तसं ते अहिराणीत बोलले आणि मला ती खोली एकदम आवडून गेली, वास्तविक तिला धड उजेडही नव्हता.

मी राजापूरकडचा. बँकेतल्या नोकरीत बदली ठरलेलीच असते, पण कोकणातल्या माणसाला तापीच्या खोऱ्यात पाठवणं म्हणजे जांभ्या दगडावरून उचलून काळ्या मातीत रोवणं. ओळखीपाळखीच्यांनी सल्ले दिले. कुणी म्हणालं, स्टेशनजवळ बघा, सुरतेची गाडी पकडायला बरं. कुणी म्हणालं, जुन्या गावात अजिबात नको, गल्लीत चारचाकी वळत नाही. कुणी म्हणालं, कॉलनीत जाल तर संध्याकाळी बोलायला माणूस मिळायचा नाही. पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की प्रत्येकाचा सल्ला त्याच्या स्वतःच्या एखाद्या दुखऱ्या जागेवरून आलेला होता. ज्याची गाडी कधीतरी चुकली होती त्यानं स्टेशन सांगितलं, आणि ज्याची आई नव्या घरात एकटी बसून राहिली त्यानं माणसं सांगितली.

इथं घर पाहायला गेलेला माणूस पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. शहराला विरचक धरणाचं पाणी येतं. ते किती दिवसाआड, किती वाजता, आणि घराखालचा हौद केवढा, हे विचारल्याशिवाय भाड्याची बोलणी पुढं सरकत नाहीत. मग स्लॅब. वैशाख-ज्येष्ठात वरच्या मजल्यावरची खोली रात्री बारालाही निवत नाही, म्हणून अनुभवी बायका भिंतीला तळहात लावून बघतात. आणि मग भिंतींच्या भेगा. एका म्हाताऱ्या मिस्तरींनी मला समजावून सांगितलं की काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिचा हा श्वासोच्छ्वास वर्षानुवर्षं चालतो, आणि ज्यानं पाया मुरमापर्यंत नेला नाही त्याच्या भिंतीवर तो श्वास उमटतो. तेव्हापासून मी कुठल्याही घरात शिरलो की कोपऱ्यातल्या तिरप्या रेघांकडे बघतो.

नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी, धुळ्यातून वेगळा होऊन. त्याआधी हे तालुक्याचं गाव होतं, बाजाराचं, रेल्वेचं, मिरची-कापसाचं. जिल्हा झाल्यावर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून साहेब, कारकून, शिक्षक, परिचारिका आल्या आणि धुळे रस्त्यानं, कोरीट रस्त्यानं शेतांचे प्लॉट पडत गेले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या एक लाख अकरा हजारांच्या आसपास होती. अशा मध्यम आकाराच्या गावाची गंमत ही की सायकलवरून सगळं हिंडून होतं, आणि तरी दोन टोकांची माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. नव्या कॉलन्यांत रस्ते सरळ आहेत, फाटकावर पाट्या आहेत, प्रत्येक अंगणात एक जास्वंद आणि एक झाकलेली मोटारसायकल. जुन्या गावात लाकडी खांबांची माडीची घरं आहेत, ओटे आहेत, आणि मंगळवारी भरणाऱ्या बाजाराला डोंगराकडची माणसं उतरली की रस्ता रस्ता राहत नाही.

मला ते जुनं गाव पुनःपुन्हा ओढून नेई. इथं मुक्काम शोधत आलेला मी काही पहिला नव्हे. चौदाव्या शतकात देवगिरीहून गुजरातेकडे जाताना इब्न बतूता या गावातून गेला आणि इथल्या मराठ्यांबद्दल लिहून गेला. १६६६ मध्ये इंग्रजांनी इथं वखार घातली. त्यांनीही गल्ल्या हिंडल्या असतील, पाण्याची चौकशी केली असेल, कुणाच्या शेजारी राहायचं याचा विचार केला असेल. व्यापाऱ्याच्या चोपड्यांत मालाचे भाव राहतात. शेजाऱ्याच्या चुलीचा वास, अपरात्री कुणाचं तरी मूल रडल्याचा आवाज यांची नोंद तिथं कोण करणार?

माणिक चौकात हुतात्म्यांचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा हातात घेऊन निघालेल्या मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण गेले. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. शिरीषकुमारचं नाव महाराष्ट्रभर ठाऊक आहे, आणि ते रास्तच आहे. पण मी तिथं उभा राहिलो की ती पाचही नावं एकामागून एक वाचतो, आणि मला त्यांत एक मोहल्ला दिसू लागतो. कुणाच्या घरी गुजराती, कुणाच्या घरी मराठी, गल्लीत अहिराणी. या पोरांना एकत्र यायला कुणी बैठक बोलावली नसेल. ती लहानपणापासून एकमेकांच्या ओट्यांवर वाढली असतील, एकमेकांच्या आयांच्या हातचं खाल्लं असेल. हा माझा अंदाज आहे, पण तो मला सोडवत नाही. माणूस कुठल्या प्रसंगी कुणाशेजारी उभा राहील हे बऱ्याचदा आधीच्या पंधरा वर्षांत कुठंतरी ओट्यावर ठरून गेलेलं असतं.

गणपतीतही हे दिसतं. इथले मानाचे दादा गणपती आणि बाबा गणपती विसर्जनाच्या रात्री जळका बाजारात समोरासमोर येतात. त्या भेटीला हरिहर भेट म्हणतात. दोन रथ जवळ यायला अवकाश असतो, गर्दी ताटकळलेली असते, आणि त्या वेळात अनोळखी माणसंही आपापलं गाव, आपापलं दुःख, पोराचं लग्न, सगळं बोलून घेतात. मला त्या गर्दीतच एका बाईंनी विचारलं, "कोन गावना शेतस भाऊ तुम्ही?" मी राजापूर म्हटल्यावर त्यांनी ते किती लांब, समुद्र दिसतो का, आणि मग इतक्या लांब आई-बाप सोडून आलात का, असं विचारलं. शेवटच्या प्रश्नाला मला उत्तर देता येईना.

मात्र घर शोधताना दुसराही एक प्रश्न येतो, आणि तो विचारताना माणसं नजर किंचित बाजूला वळवतात. आडनाव. मग, खाणंपिणं कसं काय? माझं आडनाव ऐकून कपाळावरच्या आठ्या मावळायच्या, हे मी पाहिलं आहे, आणि त्या मावळण्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं. ज्या जिल्ह्यात दर दहांतले जवळजवळ सात जण आदिवासी आहेत, त्या जिल्ह्याच्या गावी धडगावहून, मोलगीहून शिकायला आलेला मुलगा जेव्हा आपलं आडनाव सांगतो, वळवी, पाडवी, वसावे, पावरा, तेव्हा काही दारं "कालच दिली हो खोली" म्हणून बंद होतात. सगळी नाही. पण ज्याला हे उत्तर वारंवार ऐकावं लागतं त्याच्यासाठी 'मोहल्ला कसा निवडावा' हा सवालच वेगळा असतो.

तळोदा तालुक्यात पीककर्जाच्या कामानं जाणं होऊ लागलं तेव्हा हे आणखी खोल रुतलं. सरदार सरोवराच्या पाण्यानं महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, अक्राणीतली २४ आणि अक्कलकुव्यातली ९. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात जमिनीला जमीन द्यावी असं होतं, घरासाठी प्लॉट, शाळा, विहिरी यांचीही तरतूद होती. पुढं नर्मदाकाठची कुटुंबं डोंगर उतरून सोमावल, रोझवा अशा पुनर्वसन वसाहतींत आली, कुणी लवकर, कुणी पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत झुंजून. दाखवलेली जमीन पाहायला येताना त्यांनीही ढेकूळ हातात घेऊन फोडून बघितलं असेल, विहिरीत वाकून पाहिलं असेल. माझ्या हातात घरांची यादी होती आणि न आवडलेल्या घराला नाही म्हणायची मोकळीक होती. त्यांच्या हातात काय होतं?

डोंगरात पाड्यावरची घरं सुटी-सुटी असतात. ज्याचं घर त्याच्या शेतात, दोन घरांत उतार, ओहोळ, महूची झाडं, आणि शेजारी हाकेच्या अंतरावर. वसाहतीत प्लॉट ओळीनं आहेत. एका वयस्क खातेदारांना मी विचारलं की इथं बरं वाटतं का. ते बराच वेळ समोरच्या घराच्या भिंतीकडे बघत राहिले आणि म्हणाले की तिकडं कोंबडा आरवला तर तो कुणाचा ते कळायचं, इथं कळत नाही. मला माझी वाडी आठवली. आमच्याकडेही घरं अशीच लांब-लांब, प्रत्येकाला गडगा, मधे आंबा-फणस, आणि तरी कुणाकडे पाहुणा आला ते सगळ्या वाडीला ठाऊक. दाटीनं राहिलं म्हणजे शेजार होतो असं मी नंदुरबारात येऊन मानू लागलो होतो. सातपुड्यातला हा माणूस आणि माझे आजोबा, दोघांनीही ते मानलं नसतं. ओट्याला ओटा लागलेला असावा की हाक पोहोचेल इतकं रान मधे असावं, याचं उत्तर ज्याच्या त्याच्या बाळपणात असतं. त्या गृहस्थांच्या घरामागं लावलेलं महूचं रोप आता माझ्या खांद्याला लागतं, तेवढं मात्र मी दर खेपेला पाहून येतो.

शेवटी आम्ही घर घेतलं ते जुन्या गावाच्या कडेला, जिथं गल्ली संपते आणि प्लॉट सुरू होतात. भिंतीला एक भेग आहे. पाण्याच्या दिवशी पहाटे उठावं लागतं. माझ्या पत्नीनं ते पसंत केलं याचं कारण असं की आम्ही पाहायला गेलो त्या दिवशी घरमालकीणबाई, ज्यांना आता आम्ही काकू म्हणतो, कळण्याची भाकरी थापत होत्या, आणि त्यांनी अनामतीचा आकडा सांगण्याआधी ठेच्याबरोबर ती आमच्या पुढ्यात ठेवली.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर वरची खोली रिकामी झाली. नर्सिंगला प्रवेश मिळालेल्या धडगावकडच्या दोन मुली विचारायला आल्या, सोबत एकीचे वडील, हातात आमचूराची पिशवी. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब, काय करावं? गल्लीतले लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, मला ठेवलंत तेव्हा विचारलं होतं का गल्लीला? मी तर इतक्या लांबून आलो, या तर आपल्याच जिल्ह्यातल्या. काकू काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, किल्ली घेऊन आल्या, आणि मुलीच्या वडिलांना हौद, मोटारीचं बटण, गच्चीवरची दोरी असं सगळं एकेक करून दाखवू लागल्या. आता पाण्याच्या दिवशी मोटार त्याच मुली लावतात. गल्लीतल्या दोन घरांनी अजून त्यांना हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही. काकू म्हणतात, संक्रांतीला त्या स्वतः जाऊन त्या घरांशी बोलणार आहेत.