बर्डीची निवड समिती

विदर्भाच्या क्रिकेट संघाची एक निवड समिती असोसिएशनच्या ऑफिसात बसते. दुसरी बर्डीत, मोदी नंबर तीनच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर उभ्या-उभ्या भरते. पहिलीत मोजकी माणसं असतात. दुसरीत कापडाचे दुकानदार, मोबाइलचे कव्हर विकणारे पोट्टे, कोचिंग क्लासमधून सुटलेले विद्यार्थी, एक-दोन रिटायर्ड बँकवाले आणि माझ्यासारखे येणारे-जाणारे असतात. पहिली निर्णय घेते आणि गप्प बसते. दुसरीला काहीच ठरवता येत नाही, म्हणून ती बोलतच राहते.

ऑक्टोबर 2025 मध्ये विदर्भानं इराणी कप जिंकला. जामठ्यावर शेष भारताला 93 धावांनी हरवलं. तिसऱ्यांदा हा कप आपला. तेव्हा रणजीचा नवा हंगाम तोंडावर होता आणि टपरीवर संघ निवडणं जोरात सुरू होतं. सामनावीर अथर्व तायडे, पहिल्या डावात 143. आणि त्या 143 वरूनच जुनी मढी पुन्हा उकरली गेली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी 2025, रणजीची फायनल, जामठा, समोर केरळ. सेमीफायनलमध्ये मुंबईला 80 धावांनी हरवून आपण आलेलो. तायडे त्या सामन्यात दोन्ही डावांत स्वस्तात गेला होता. फायनलला त्याला बसवलं. सलामीला कोण आलं? पार्थ रेखडे. म्हणजे ज्यानं सेमीफायनलमध्ये मुंबईची मधली फळी कापली तो डावखुरा स्पिनर. दुसऱ्याच बॉलवर शून्यावर गेला. तिसऱ्या नंबरवर दर्शन नळकांडे, तो फास्ट बॉलर. तोही एका धावेवर गेला. मग ध्रुव शोरी गेला. 24 वर 3.

त्या सकाळी टपरीवर जे ऐकलं त्यातलं छापण्याजोगं एवढंच :

"फायनलले ओपनर बसवते का बे कोणी?"

"अन् बॉलरले पाठवते ओपनिंगले! गल्ली क्रिकेट आहे काय हे?"

"पोट्टेहो, थांबा थोडं. डाव संपू द्या," असं बँकवाले काका म्हणाले. त्यांचं कोणी ऐकलं नाही.

पुढचं सर्वांना माहीत आहे. दानिश मालेवारनं 153 काढल्या, करुण नायरनं 86, दोघांची भागीदारी 215 ची. आपले 379, केरळचे 342. सामना अनिर्णित राहिला, 37 धावांच्या आघाडीवर रणजी तिसऱ्यांदा विदर्भात आली. संध्याकाळी तीच टपरी, तीच माणसं. सकाळचा 'गल्ली क्रिकेट'वाला छातीठोकपणे सांगत होता, "मॅनेजमेंटचा मास्टरस्ट्रोक होता भाऊ. नवा बॉल बॉलरवर खर्ची घातला, बॅट्समन वाचवले!"

इथं माझं पहिलं म्हणणं. आपण निवडीवर बोलत नाही, निकालावर बोलतो. 24 वर 3 असताना जो निर्णय मूर्खपणाचा होता तो 379 नंतर शहाणपणाचा झाला. आणि सात महिन्यांनी तायडेनं 143 केल्यावर परत मूर्खपणाचा. निर्णय तर एकच होता ना? त्या दिवशी सकाळी टॉसच्या आधी जे माहीत होतं तेवढ्यावरच तो तोलायला पाहिजे. तसा तोलला तर मला तो आजही पटत नाही. फॉर्म नसलेला सलामीवीर हा सलामीवीर असतोच. दोन डाव फसले म्हणून त्याच्या जागी ज्याचं ते काम नाही त्याला पाठवणं म्हणजे दोघांवरही अन्याय. रेखडेनं बॉलिंगवर जागा कमावली होती, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो शून्यावर बाद झालेला ओपनर म्हणून. रणजी जिंकली म्हणून हे मत बदलायचं कारण नाही, आणि तायडेच्या 143 मुळे ते जास्त खरंही होत नाही.

दुसरी बाजूही बघा. हाच मालेवार पहिलाच रणजी हंगाम खेळत होता. विशीतल्या पोराला महत्त्वाच्या जागेवर खेळवत ठेवणं हाही निवडीचाच निर्णय. यश राठोडला मधल्या फळीत टिकवलं, त्यानं 960 धावा काढल्या, हंगामात देशात सर्वांत जास्त. हर्ष दुबेवर विश्वास टाकला, त्यानं 69 विकेट घेतल्या, रणजीच्या इतिहासात एका हंगामात एवढ्या कोणी घेतल्या नव्हत्या. या निर्णयांसाठी टपरीवर कोणी पेढे वाटले नाहीत. निवड चुकली की समितीची, बरोबर आली की पोराची. निवड समितीचं काम म्हणजे घरच्या सुनेचा स्वयंपाक. मीठ जास्त पडलं तेव्हाच कळतं की कोणीतरी रांधलं होतं.

आता दुसरा वाद, आणि हा जास्त तापतो. 'बाहेरचे.'

नियम असा की राज्याच्या संघाला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात. टपरीवर एक कॉलेजचा पोरगा आहे, स्वतः क्लब क्रिकेट खेळतो. त्याचं म्हणणं साधं आहे. "काका, अकरातले तीन गेले. उरले आठ. अकरा जिल्हे, आठ जागा. माझ्यासारख्यानं काहून खेळावं?" त्याला उत्तर देताना 'राजा, मेहनत कर' एवढं पुरत नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे.

पण मोठा हिशेबही मांडावा लागेल. विदर्भ रणजीत उतरला 1957-58 साली. पहिली रणजी जिंकली 2017-18 च्या हंगामात, इंदूरला, 1 जानेवारी 2018 ला. मध्ये साठ वर्षं. या साठ वर्षांत बहुतेक काळ आपण दुसऱ्यांच्या सरासरी वाढवायचं काम केलं. मग काय बदललं? अकादमी उभ्या राहिल्या, मैदानं सुधारली, चंद्रकांत पंडितांसारखा कडक मास्तर आला. आणि वसीम जाफर आला. मुंबईकडून सगळं जिंकून झालेला माणूस. आधीच्या हंगामात दुखापतीनं बसला तरी करार पाळला गेला, म्हणून त्या हंगामात पैसे न घेता खेळायची तयारी त्यानं दाखवली. फायनलला विजयी धावा त्याच्याच बॅटमधून आल्या. पण हॅटट्रिक रजनीश गुरबानीची होती, शतक अक्षय वाडकरचं होतं आणि कप्तान फैज फजल होता. जाफरनं आपली जागा खाल्ली असं म्हणायचं की बाकीच्यांना उभं राहायला शिकवलं असं म्हणायचं?

आणि 'बाहेरचे' हा शब्द दोन्ही बाजूंनी कापतो. 2018-19 च्या फायनलमध्ये सौराष्ट्राविरुद्ध 11 विकेट घेणारा, पुजाराला दोन्ही डावांत काढणारा आदित्य सरवटे आपला नागपूरचा पोरगा. 2025 च्या फायनलला तो कुठं होता? केरळच्या संघात. त्यांचा 'बाहेरचा' म्हणून. त्यानं आपल्याविरुद्ध 79 काढल्या आणि आघाडी जवळजवळ हातातून नेली होती. तिकडे 2018 च्या फायनलमध्ये दिल्लीकडून आपल्याविरुद्ध 145 काढणारा ध्रुव शोरी या फायनलला आपल्याकडून सलामीला होता. करुण नायर आपल्याकडून खोऱ्यानं धावा काढून भारताच्या कसोटी संघात परतला आणि मग कर्नाटकला परत गेला. अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. कोणाला बाहेरचा म्हणायचं? पोट भरायला पुण्या-मुंबईला गेलेली आपली पोरं तिथं बाहेरचीच असतात, आणि त्यांना कोणी तसं म्हटलं की आपल्याला झोंबतं.

मागं गेलं तर ही गोष्ट आणखी जुनी आहे. भारताच्या पहिल्या कसोटीचे कप्तान सी. के. नायडू जन्मले नागपुरात, 1895 साली. नाव गाजवलं होळकरांच्या इंदूरसाठी. आणि आपण पहिली रणजी उचलली ती त्याच इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. एकेकाळी आपण माणसं देत होतो आणि कप दुसरे नेत होते. आता माणसं येतात, जातात, पण कप इथं येतो. याला मी प्रगती म्हणतो.

तरी त्या कॉलेजच्या पोराचा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते तो बाहेरच्यांचा प्रश्नच नाही. तो आतल्यांचा आहे. पाहिलं कोणाला जातं? उमेश यादव वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतला. विशीच्या आसपास येईपर्यंत टेनिस बॉलवर खेळत होता. 2008 मध्ये रणजी खेळला, 2011 मध्ये कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला कसोटीवीर. आपण ही गोष्ट अभिमानानं सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण ती उलटी करून वाचा. वलनी नागपूरपासून तासाभराच्या आत आहे. एवढ्या जवळचा, एवढ्या वेगाचा बॉलर विशीपर्यंत लेदर बॉलपासून लांब राहू शकतो, तर गडचिरोलीत, मेळघाटात, वाशिमच्या एखाद्या गावात किती जण तसेच राहून जात असतील? नागपूरला ट्रायलला यायचं तर गडचिरोलीहून एसटीनं दीडशेच्या वर किलोमीटर. पोराची एक मजुरी बुडते, बापाची एक बुडते. ट्रायलला दहा बॉल मिळतात. तेवढ्यात दाखवा काय दाखवायचं ते.

आपण विदर्भवाले अनुशेष हा शब्द जन्मापासून ऐकतो. 1953 चा नागपूर करार, दांडेकर समिती, हिवाळी अधिवेशनातली भाषणं. मुंबई-पुण्यानं आपल्यावर अन्याय केला हे आपलं राष्ट्रगीत झालं आहे, आणि त्यात खोटं काही नाही. पण क्रिकेटच्या नकाशावर विदर्भ हे कधीचं वेगळं राज्य आहे. स्वतःचा संघ, स्वतःचं मैदान, स्वतःची निवड समिती. इथं मुंबईला बोट दाखवता येत नाही. या राज्याची मुंबई म्हणजे नागपूर. मग नागपूरनं गडचिरोलीचा अनुशेष किती भरला, हे विचारायला नको? वेगळा विदर्भ झाला तर आपण तो कसा चालवू, याचा नमुना बघायचा असेल तर दूर जायची गरज नाही. जे थोडं आधीच आपल्या हातात आहे ते कसं चालतं ते बघा. चांगलं चालतं, मी मान्य करतो. तीन रणजी उगाच येत नाहीत. पण 'चांगलं चालतं' आणि 'सर्वांसाठी चालतं' यात फरक आहे.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. एक, मोठ्या सामन्यासाठी संघ जाहीर झाला की दोन ओळींत कारण सांगा. तायडे का नाही, रेखडे सलामीला का. कारण चुकीचं निघालं तरी चालेल, लोक समजून घेतात. गप्प राहिलं की प्रत्येक टपरीवर वेगळं कारण शिजतं, आणि त्यात जात, गाव, ओळख, वशिला सगळं पडतं. ते खरं नसलं तरी पोराच्या मनात बसतं. दोन, ट्रायल जिल्ह्यांत न्या. पोरांनी नागपूरला यायचं यापेक्षा निवडणाऱ्यांनी यवतमाळला जाणं स्वस्त पडतं. तीन, रणजीचे काही सामने सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर ठेवा. मेट्रो 2025 मध्ये खापरीपर्यंतच जात होती, जामठा त्याच्याही पुढं. दुकान लावून, क्लास करून, तासभर मॅच बघून परत येता येईल असं मैदान शहराच्या मधोमध असताना रिकाम्या खुर्च्यांसमोर पोरांना खेळवू नका.

आणि एक मागणी आपल्याकडून आपल्यालाच. फायनलच्या दिवशी सर्वांना तायडे आठवतो. नोव्हेंबरातल्या साध्या साखळी सामन्यात, मंगळवारी दुपारी, स्कोअर किती जण बघतात? ज्यानं हंगामभर एक सेशन बघितलं नाही त्यानं निवडीवर बोलू नये असं मी म्हणत नाही. बोलावं, बोलणं हा हक्क आहे. पण बघून बोललं तर ऐकणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं. न बघता बोललेलं चहाबरोबर संपून जातं.

2025-26 च्या हंगामात आपण विजेते म्हणून उतरलो. नायर नव्हता, त्याच्या धावा कोणीतरी काढायच्या होत्या. तुमचा अकराचा संघ खाली लिहा. पण प्रत्येक नावापुढं एका ओळीत कारणही लिहा. आणि तुमच्या जिल्ह्यातला, अजून कोणी न पाहिलेला एखादा बॉलर माहीत असेल तर त्याचं गाव आधी लिहा.