दीड सूत

मे २०२३ मध्ये आई-बाबा सांगलीहून आले होते. बाबांना म्हटलं, तुम्हाला असे दगड दाखवतो की आयुष्यात पाहिले नसतील. डेन्व्हरहून मोआब साडेपाच तास. आई हॉटेलवर थांबली ("तुमचं ते उड्या मारणं मला नको"), बायको तिच्याबरोबर. बाबा माझ्या शेजारी, आठ वर्षांची लेक मागे. फिन्स अँड थिंग्स नावाच्या रस्त्यावर निघालो. रस्ता म्हणजे काय, तर वाळूच्या दगडाच्या प्रचंड पाठी, त्यांच्यावर चढायचं आणि उतरायचं.

एका पायरीवरून उतरताना डावं पुढचं चाक खाली गेलं आणि मागचं यायच्या आत गाडीची डावी कड दगडावर बसली. आधी कर्रर्र, मग एक ठप्प. गाडीला बाजूला पाय ठेवायची जी नळी होती, ती वर दुमडली आणि दाराखालचा पत्रा घेऊन आत घुसली. मागचा डावा दरवाजा उघडेना. लेक हसत हसत दुसऱ्या बाजूने उतरली, तिला मज्जाच वाटली. मला नाही वाटली. गाडी उजवीकडे कलंडली असती तर तिला बाहेर कसं काढलं असतं, हा हिशोब पुढे बरेच दिवस रात्री झोपताना डोक्यात चालायचा.

बाबा उकिडवे बसून त्या खड्ड्यावरून बोट फिरवत होते.

"ही पायरी आहे की रक्षण आहे?"

"पायरी."

"मग बरोबर मोडली."

बाबांनी कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये तीस वर्षं काढली. शेड, टाक्या, ट्रॉल्या, काय म्हणाल ते. मी कॉम्प्युटरकडे गेलो याचा त्यांना आनंदच झाला होता, आणि मीही त्या शॉपबद्दल त्यांना कधी फारसं विचारलं नाही. असो.

परत आल्यावर ठरवलं, रॉक स्लायडर बसवायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फोररनरसारख्या गाडीत खाली लोखंडी चासी असते आणि वरची बॉडी रबराच्या बुशांवर टेकवलेली असते. बाजूच्या पायऱ्या बऱ्याचदा बॉडीच्या पत्र्यालाच अडकवलेल्या असतात, एका माणसाचं वजन पेलण्यापुरत्या. स्लायडर थेट चासीला जोडतात. दोन हजार शंभर किलोची गाडी दगडावर टेकली की भार चासीवर जातो, पत्रा सुटतो, आणि गाडी त्या नळीवरून घसरत पुढे सरकते. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून तर माणूस फसतो.

आता आमच्यासारख्या लोकांना काही विकत घ्यायचं म्हणजे आधी एक्सेल. चौदा कॉलम केले. सगळीकडे एकच शब्द: डीओएम. म्हणजे शिवण असलेलीच नळी थंड अवस्थेत साच्यातून आणि आतल्या दांड्यावरून ओढून काढलेली. शिवण जवळजवळ नाहीशी होते आणि पोलादाची ताकद वाढते. साध्या शिवणीच्या नळीचं पोलाद साधारण ४५ हजार पीएसआयला कायमचं वाकतं, डीओएम ७० हजारांच्या आसपास. मी खूश. डीओएम, पावणेदोन इंची, ०.१२० इंच जाडी. ठरलं!

बाबा चहा घेऊन शेजारी येऊन बसले. "जाडी किती म्हणालास?"

"पॉइंट वन टू झिरो."

"सुतात सांग."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ०.१२० म्हणजे एक सूतही पुरतं नाही. दुसऱ्या कंपनीची साधी नळी ०.१८८, म्हणजे दीड सूत. बाबांचं मत लगेच दीड सुताकडे झुकलं. मी म्हटलं थांबा, आकडे काढू.

आकड्यांनी माझा थोडा मुखभंग केला. पावणेदोन इंची नळीची जाडी एकावरून दीड सूत केली की वजन दीडपट होतं, ताठपणा मात्र चाळीस टक्केच वाढतो. वाकून परत न येण्याच्या मर्यादेत डीओएम तरीही दहाएक टक्क्यांनी पुढे. पण मजा अशी की ताठपणाला पोलाद कुठलं याच्याशी घेणंदेणं नाही. डीओएम असो की साधी, तेवढ्याच भाराखाली दोन्ही तेवढ्याच लवचणार. डीओएम परत सरळ होईल, हे खरं. पण लवचलेल्या क्षणी ती दाराच्या पत्र्याला टेकली तर परत सरळ होऊन काय उपयोग? शिवाय टोकदार दगड नेमका नळीच्या पोटात लागला तर पोचा येणं न येणं बऱ्याच अंशी जाडीवर. मोआबचे दगड गोलसर; आमच्या कोलोरॅडोतला ग्रॅनाइट तसा नाही.

(दोन इंची नळी घेतली तर एक सूत जाडीतही ताठपणा निम्म्याहून जास्त वाढतो, वजन फक्त पंधरा टक्के. पण पाव इंच उंची जाते, आणि आम्ही उंचीसाठीच भांडत असतो.)

मी हे सगळं अभिमानाने मांडत होतो. बाबांनी चहा संपवला आणि म्हणाले, "लेका, नळी बघतोयस नुसती. जोड दाखव."

जोडाचा माझ्या चौदा कॉलमांत कॉलमच नव्हता.

मग आम्ही प्रत्येक फोटो मोठा करून बघितला. चासीपासून नळीपर्यंत जे हात येतात ते म्हणजे छज्जेच. मोकळ्या टोकाला भार, मुळाशी सगळा ताण. हात वीस टक्के लांब केला की टोकाचं लवचणं सत्तर टक्क्यांहून जास्त वाढतं, कारण लांबीचा घन येतो. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी हे पाठ करून पेपरात लिहिलं होतं. बाबांनी ते कधी पाठ केलं नव्हतं. एका प्रसिद्ध डीओएमवाल्याचे तीनच हात होते आणि मुळाशी तळहाताएवढी प्लेट. "इथनं फाटणार," बाबा म्हणाले. "नळी राहील शाबूत, चासीचा पत्रा जाईल." चासीचा पत्रा स्वतःच काही फार जाड नसतो. त्यामुळे प्लेट लांब हवी, भार पसरायला, आणि हाताच्या काखेत गसेट हवं.

शेवटी घेतली ती साधी, शिवणीची, दीड सुताची. चार हात, दोन सुताच्या लांब प्लेटा, गसेटसकट. बाहेरची कड किंचित वर उचललेली, म्हणजे दाराची खालची बाजूही झाकते. मागच्या टोकाला बाहेर फुगवटा, तो दगडाला टेकून मागचं चाक लांब ढकलतो. रंग न दिलेली मागवली. पावडर कोटिंग पहिल्याच दगडावर खरवडतं आणि मग त्याच्याखाली गंज पसरतो. स्प्रेच्या डब्याने दर मोसमाला काळं केलेलं बरं. जोडीचं वजन सत्तर किलोच्या आसपास, किंमत हजार डॉलरच्या वर. बायकोने किंमत ऐकली, दरवाजा दुरुस्तीचं बिल आठवलं आणि काही बोलली नाही :-)

वेल्डिंग करायचं की बोल्टने कसायचं यावर मात्र आमचं वाजलं. बाबांचा जीव वेल्डिंगमध्ये. मला चासीला कायमची उष्णता द्यायची नव्हती. मी जिंकलो, पण फक्त एवढ्यामुळे की पर्यटक व्हिसावर आलेल्या ७४ वर्षांच्या माणसाला मी ड्राइव्ह-वेत वेल्डिंग करू देणार नव्हतो.

शनिवारी खोकी आली. बाबांनी प्रत्येक जोडावर नख फिरवलं, एका ठिकाणी "हं" केलं, बाकी पास. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क रेंचने, ते सांगतील तसे. मग त्यांनी नातीकडून पांढरा रंग मागून घेतला आणि प्रत्येक नटावरून प्लेटवर एक एक रेघ ओढली. शेवटी स्लायडरच्या बाहेरच्या कडेला मधोमध जॅक लावून एक बाजू उचलली. नळी आणि पत्रा यांच्यातली फट आधी २२ मिलिमीटर होती, उचलल्यावर १८. पट्टी धरायला लेक.

"चाललं," बाबा म्हणाले. ऑगस्टमध्ये दोघं परत गेले. बाबांचे गुडघे बघता पुन्हा एवढा प्रवास होईल असं त्यांना स्वतःलाही वाटत नाही.

ऑक्टोबरमध्ये त्याच पायरीवर गेलो. कर्रर्र झालं, तसंच. ठप्प नाही झालं. गाडी हातभर घसरली, मागचं चाक खाली आलं, संपलं. लेकीने चारही दरवाजे उघडून बंद करून दाखवले. खरवडलेल्या नळीचा फोटो मी तिथूनच बाबांना पाठवला, सांगलीत तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली.

पाच मिनिटांत उत्तर आलं. फोटोबद्दल चकार शब्द नाही.

"रेघा जुळतात का बघ."

टॉर्च घेऊन गाडीखाली झोपलो. सगळ्या जुळत होत्या, फक्त मागच्या हातावरची एक केसभर सरकली होती.