घर बघताना आधी नळ उघडून बघा

गेले आठ महिने आमचा जवळजवळ प्रत्येक रविवार घरं बघण्यात गेला. वाशीतल्या जुन्या इमारतीत एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात आम्ही पाच जण. आण्णा, आई, आम्ही दोघं आणि नववीतली लेक. लेक अभ्यास करते ती सगळे झोपल्यावर, स्वयंपाकघरात, गॅसच्या शेजारी वही ठेवून. गेल्या पावसाळ्यात छताचा एक पोपडा आईच्या पलंगावर पडला. आई तेव्हा देवाजवळ बसली होती म्हणून वाचली. त्याच रात्री ठरलं, आता इथून हलायचं. पुनर्विकासाच्या मीटिंगा दहा वर्षं ऐकतोय, त्यावर अजून दहा वर्षं काढायची ताकद नाही.

किती मोठं घर पाहिजे हे ठरायला दोन मिनिटं लागली. कुठे, हे ठरायला आठ महिने.

आण्णा माथाडी कामगार. मूळ गाव पाटण तालुक्यातलं. सत्तरच्या दशकात मस्जिद बंदरला आले, गावच्या वीसेक जणांबरोबर एका गाळ्यात राहिले. आळीपाळीने झोपायचं, वळकटी खुंटीला. पुढे बाजार खाडीच्या अलीकडे यायला लागला. आधी कांदा-बटाटा, नंतर धान्य आणि मसाला, १९९६ साली भायखळ्याची भाजी आणि क्रॉफर्ड मार्केटची फळं. बाजार हलला तशी माणसं हलली. त्यामुळे "एरिया कुठला निवडायचा" हा प्रश्न आण्णांना कधी पडलाच नाही. बाजाराने निवडला. आता मात्र प्रत्येक घर बघायला ते आमच्याबरोबर येतात. कार्पेट एरिया, व्ह्यू, क्लब हाऊस, कशाकडे बघत नाहीत. सरळ स्वयंपाकघरात जातात, नळ उघडतात, हात धरतात आणि विचारतात, "हे पाणी येतंय कुठनं?"

पहिल्या दोन-तीन वेळेला मला लाजल्यासारखं झालं. एजंट हसायचे. नंतर लक्षात आलं की खरा प्रश्न तेवढाच आहे आणि त्याचं नीट उत्तर फार कमी जणांकडे आहे.

सुरुवात केली उलव्यापासून. वाशीतली खोली विकून, थोडं कर्ज काढून तिथे दोन बेडरूमचं घर येत होतं. गॅलरीसकट. लेकीने तर कोणती भिंत कोणत्या रंगाची हेही ठरवून टाकलं. एजंटने सगळं एका दमात सांगितलं. अटल सेतू, विमानतळ, उरणची लोकल. खोटं काही नव्हतं त्यात. सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, त्याच महिन्यात लोकल उरणपर्यंत गेली, विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. फक्त एक गोष्ट मला घरी आल्यावर सुचली. सेतूवरून रोज मुंबईला जाणार कोण? आमच्या घरातलं कुणीच नाही. बायको ठाण्याला नोकरीला. वाशीहून सरळ गाडी आहे तिला. उलव्याहून आधी नेरूळ किंवा बेलापूरला यायचं, तिथे गाडी बदलायची, आणि उरण लाइनची एक गाडी चुकली की पुढचीची वाट बघत बसायचं. ती एकच वाक्य बोलली, "अहो, घर मोठं आहे खरं, पण मी त्यात असणार कधी?"

आणि पाणी. उलव्याला पाणी पेणकडच्या हेटवणे धरणातून येतं. ते कमी आलं तर तक्रार कुणाकडे? वाशीत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटतो. वाशीला महापालिका आहे, वॉर्ड ऑफिस आहे. उलवे नोड ना नवी मुंबई महापालिकेत, ना पनवेल महापालिकेत. तिथे सिडको आहे. सिडको ही शहर वसवणारी कंपनी, १९७० साली सरकारने त्यासाठीच काढलेली. तिच्या कामाबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण पाच वर्षांनी मत मागायला ती आपल्या दारात येत नाही. बरं, नगरसेवक असून तरी काय दिवे लागतात असं कुणी म्हणेल. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आपण प्रशासकाच्या हाताखाली काढली, हे मलाही माहीत आहे. तरी दार ठोठावायला दार तर असतं!

उलव्यातच एका टपरीवर चहा प्यायला थांबलो. शेजारी एक म्हातारे बाबा बसले होते, विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी एका गावचे. आण्णांशी त्यांचं लगेच जमलं. समोरच्या टॉवरकडे हात करून ते सांगत होते, इथे खाजण होतं, तिकडे भातशेती, आणि ती टेकडी होती ती कापली, नदी वळवली. आम्ही जी इमारत बघून आलो होतो ती साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर. आजकाल एजंट "साडेबाराचा प्लॉट" असं सहज बोलतात, जसं काही तो एक साइझच आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी रस्त्यावर उतरले, जासई-दास्तान फाट्याच्या त्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं आहे. परत येताना आण्णा गाडीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपण ज्या बाजारात पोती उचलली, तो बी कुणाच्या तरी शेतावरच की." मी काही बोललो नाही. घर घेणाऱ्याने एवढं तरी करावं, प्लॉट कुणाचा, करारनामा त्रिपक्षीय झालाय का, मूळ गावकऱ्याच्या घरात वारसांचा वाद आहे का, हे वकिलाकडून बघून घ्यावं. त्यात त्याचंही हित, आपलंही.

मधे एक मूर्खपणा केला, तोही सांगतो. एका गावठाणाला लागून पाच मजली नवी इमारत. स्टेशन चालत दहा मिनिटं, किंमत आजूबाजूच्या निम्मी. मी एकवीस हजार टोकन देऊन आलो, कुणाला न विचारता. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो तर तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "ओसी आहे का?" ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. नव्हतं. बांधकामाची परवानगीच नव्हती. बिल्डर म्हणाला, "साहेब, इथे सगळं असंच आहे, उद्या नियमित होणार." टोकन काही परत मिळालं नाही.

यात एक गल्लत मुद्दाम केली जाते असं माझं मत झालंय. प्रकल्पग्रस्ताचं कुटुंब वाढलं, गावठाणाची हद्द काही वाढवून मिळाली नाही, म्हणून त्याने आपल्याच जागेवर दोन खोल्या वाढवल्या, ते गरजेपोटी बांधलेलं घर. ते नियमित व्हावं ही मागणी रास्त आहे. पण त्याच्या आडून कुणीतरी भलत्यानेच पाच मजले चढवायचे आणि आमच्यासारख्याला विकायचे, याला गरज कुणाची म्हणायची? २०१५ साली दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींवर उच्च न्यायालयाने कारवाईचे आदेश दिले, तेव्हा लोक कपाटं-गाद्या घेऊन रस्त्यावर बसलेले आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. तेव्हा मी इथेच बसून म्हणालो होतो, "न बघता घेतातच कशी माणसं?" घेतात. मीही घेत होतो.

मग खारघर. खारघर मला मनापासून आवडतं. रुंद रस्ते, मागे डोंगर, पावसाळ्यात पांडवकडा. आमच्या बजेटमध्ये जे बसत होतं ते वरच्या सेक्टरांमध्ये, तळोज्याच्या बाजूला. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर-पेंधर मेट्रो आहे, त्यामुळे स्टेशन लांब ही तक्रारही बरीच कमी झाली. घर रविवारी सकाळी अकराला बघितलं, सगळ्यांना पसंत. आण्णा म्हणाले, रात्री येऊ या परत. मंगळवारी रात्री साडेदहाला मी आणि ते दोघंच गेलो. सोसायटीच्या गेटबाहेर उभे राहिलो आणि पाचेक मिनिटांत घशात काहीतरी उग्र जाणवायला लागलं. वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, वारा तिकडून असला की येतो वास, रोज नाही. आईला दमा आहे. त्याच वॉचमनने न विचारता दुसरी गोष्ट सांगितली, पहाटे टँकर येतो. किती? "उन्हाळ्यात तीन, कधी चार." सोसायटीचं नाव घेत नाही, त्यांचा काय दोष.

खारघरमध्ये महापालिका आहे, पनवेलची, ऑक्टोबर २०१६ पासून. पण पाणी हेटवण्याचं, देणारी सिडको. मधली काही वर्षं तर लोकांनी सिडकोला सेवा शुल्क भरलं आणि नंतर महापालिकेने २०१६ पासूनचा मालमत्ता कर मागितला. मोर्चे निघाले, कोर्टात गेले लोक. नळ एकाचा, बिल दुसऱ्याचं. हे ब्रोशरमध्ये कुठे लिहिलेलं नसतं. स्टेशनपासून किती मिनिटं हे मात्र ठळक असतं.

अजून एक सांगायचं राहिलं, भरती. नवी मुंबईचा बराच भाग भराव घातलेला, मोठ्या भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आपल्या रस्त्यांपेक्षा उंच असतं. म्हणून वाशी, नेरूळ, बेलापूरला धारण तलाव केलेत. भरतीला खाडीकडची झडप बंद होते, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला झडप उघडून ते बाहेर जातं. साधी आणि हुशार व्यवस्था. पण तलावात गाळ साठला आणि त्यात खारफुटी वाढली. आता खारफुटीला हात लावायचा तर परवानग्या, गाळ तसाच, आणि तलावात मावायचं ते पाणी रस्त्यावर. त्यामुळे तळमजला किंवा बसकं पार्किंग असलेलं घर बघायचं असेल तर जुलैत, मुसळधार पावसात, भरतीची वेळ बघून जा. आम्ही दोन घरं अशी बघितली. एकात गेटपर्यंत पोचलोच नाही.

तर शेवटी नेरूळ. पूर्वेला, तीस वर्षं जुनी सोसायटी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. जेमतेम सव्वासहाशे फूट. आम्ही आठशे-नऊशेची स्वप्नं बघत निघालो होतो. लेकीची खोली म्हणजे पलंग आणि टेबल ठेवलं की दार अर्धंच उघडतं. ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. उलव्याची गॅलरी तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती आणि तिचं चुकत होतं असंही नाही. पैशाचं गणित मांडलं तर आम्ही जास्त पैसे देऊन कमी जागा घेतोय. मेहुण्याने हे मला तीन वेळा फोन करून सांगितलं.

पण आण्णांनी नळ उघडला, विचारलं, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी पटकन सांगितलं, "मोरब्याचं." मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे. धरण, पाइप, बिल आणि तक्रारवही, सगळं एकाच दारात. बाईंनी गेल्या तीन वर्षांच्या हिशोबाच्या वह्याच पुढे टाकल्या. टँकरवर एक रुपया खर्च नाही. ठाण्याची गाडी नेरूळहून सरळ. इमारत जुनी आहे, दहा वर्षांत तिच्याही पुनर्विकासाच्या मीटिंगा सुरू होतील आणि मी पुन्हा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तेच ऐकेन, हे मला दिसतंय. जमीन सिडकोची, भाडेपट्ट्यावर, त्यामुळे हस्तांतराचं शुल्क आणि ना हरकत दाखला हा खर्चही आहेच. तोही हिशोबात धरा, आम्ही आधी धरला नव्हता.

उलव्या-खारघरची मंडळी हे वाचून चिडतील. तुमच्या सेक्टरला पाणी व्यवस्थित असेल, वास येत नसेल, तर सेक्टर नंबरसकट खाली लिहा. माझ्यासारखे रविवार घालवणारे पुष्कळ आहेत, त्यांना उपयोग होईल. आणि जिथे येत नाही तेही लिहा, फ्लॅटचे भाव पडतील म्हणून गप्प बसू नका.

करारनामा गणपतीनंतर. परवा आईला घेऊन गेलो होतो. जिना चढायला तिला बराच वेळ लागला. घर बघितलं, खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाली, भाजीबाजारापर्यंत चालून दाखवते. गुडघे धरत गेली. वाटेत दोनदा बसावं लागलं. दोन्ही ठिकाणी झाडाखाली कट्टा होता, आणि दुसऱ्या कट्ट्यावर आधीच बसलेल्या दोन बायकांनी सरकून तिला जागा दिली. कोथिंबिरीच्या जुडीचा भाव विचारून, महाग आहे असं म्हणत, ती जुडी घेऊनच परत आली.